सयामच्या दरबारातली नगरची अ‍ॅना

परमुलखात बिऱ्हाड थाटणाऱ्या माणसापुढे पहिल्या आठवड्यात जे प्रश्न उभे राहतात ते फार साधे असतात. राहायचे कोठे, पगार किती आणि कोणत्या चलनात, नोंदणी कोणाकडे करायची, मुलाच्या शिक्षणाचे काय, आजारी पडल्यास कोणाचे दार ठोठवायचे आणि इथल्या माणसांशी बोलायचे तरी कसे. बँकॉकमध्ये नोकरीनिमित्त जाणाऱ्या परदेशी माणसाला आजही याच प्रश्नांतून जावे लागते. मार्च १८६२ मध्ये सिंगापूरहून आलेल्या आगबोटीतून एक तिशीची विधवा आपल्या पाच वर्षांच्या मुलाचा हात धरून त्या शहरात उतरली, तेव्हा तिच्यापुढेही हेच प्रश्न होते. त्यांत आणखी एकाची भर होती. तुम्ही मूळच्या कोठल्या, हा तो प्रश्न. आणि त्याचे खरे उत्तर ती मरेपर्यंत जगाला देणार नव्हती.

या बाईचे नाव अ‍ॅना लिओनोवेन्स. सयामच्या राजाच्या मुलांना आणि राण्यांना इंग्रजी शिकवणारी ही गव्हर्नेस कादंबरी, रंगभूमी आणि हॉलिवूड यांच्यामार्फत जगभर पोहोचली. फुगीर झग्यातली, ताठ मानेची, अस्सल ब्रिटिश शिक्षिका अशी तिची प्रतिमा तीन-चार पिढ्यांच्या मनात ठसलेली आहे. प्रत्यक्षात तिचा जन्म २६ नोव्हेंबर १८३१ रोजी अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, लष्करी छावणीत झाला होता.

तिचा बाप थॉमस एडवर्ड्स हा मूळचा लाकडी सामान घडवणारा कारागीर. मुंबई इलाख्याच्या सॅपर्स अँड मायनर्स पलटणीत तो सार्जंट होता आणि अ‍ॅनाच्या जन्माआधी काही महिने वारला. आई मेरी अ‍ॅन ग्लासकॉट ही मुंबई सैन्यातील एका लेफ्टनंटाची मुलगी. या मेरीच्या आईचे, म्हणजे अ‍ॅनाच्या आजीचे, नाव कोठल्याही कागदात सापडत नाही. ती भारतीय किंवा मिश्र रक्ताची असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे आणि तो पटण्यासारखा आहे. त्या काळच्या छावण्यांतून अशा अनेक आज्या होत्या, ज्यांची नावे चर्चच्या नोंदवहीत चढवण्याची गरज कोणालाच भासली नव्हती.

आईने पुन्हा लग्न केले ते पॅट्रिक डोनोहो नावाच्या एका आयरिश शिपाईगड्याशी. पुढे त्याची नेमणूक पुण्याला सार्वजनिक बांधकाम खात्यात झाली. मुंबईत भायखळ्याला बॉम्बे एज्युकेशन सोसायटीची मुलींची शाळा होती. लष्करात मेलेल्या किंवा बेपत्ता झालेल्या बापांच्या, बहुतांशी मिश्र वंशाच्या मुलींना तेथे शिक्षण मिळत असे. अ‍ॅना तेथे शिकली. तिच्या थोरल्या बहिणीचे, एलायझाचे, पंधराव्या वर्षीच गुजरातेत डीसा येथे एका सार्जंट-मेजरशी लग्न लावून देण्यात आले. अ‍ॅनापुढेही तोच मार्ग होता. तिने मात्र आपल्या मनाने नवरा निवडला. पुण्यातच १८४९ च्या नाताळच्या दिवशी तिने थॉमस लिओन ओवेन्स या तरुण आयरिश कारकुनाशी विवाह केला.

त्यानंतरची दहा वर्षे फिरस्तीची आणि फार दुःखाची गेली. पहिली मुलगी दीड वर्षाची होऊन गेली. १८५२ मध्ये हे जोडपे ऑस्ट्रेलियाला निघाले. वाटेत जहाजावर मुलगा झाला, तोही तेरा महिन्यांचा होऊन पर्थमध्ये वारला. तेथे अ‍ॅनाने मुलींची शाळा काढण्याचा प्रयत्न केला, पण ती चालली नाही. १८५४ मध्ये अ‍ॅव्हिस ही मुलगी आणि १८५६ मध्ये लुई हा मुलगा, ही दोन मुले तेवढी जगली. १८५७ मध्ये कुटुंब सिंगापूरकडे वळले. नवऱ्याला पेनांगमध्ये हॉटेल सांभाळण्याची नोकरी मिळाली आणि मे १८५९ मध्ये मेंदूतील रक्तस्रावाने तो अकस्मात गेला. अ‍ॅना तेव्हा २७ वर्षांची होती. पदरात दोन मुले, हाती पैसा नाही आणि माहेर म्हणावे असे पुण्यात जे काही होते, तेथे परतायची इच्छा नाही.

सिंगापूरमध्ये तिने जे केले त्याला काही जण लबाडी म्हणतात. मला तो शब्द अपुरा वाटतो. अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढायची तर शिक्षिका कुलीन इंग्रज घराण्यातली हवी. छावणीतल्या सार्जंटच्या, सावळ्या आजीच्या नातीकडे कोणी आपली मुले पाठवणार नव्हते. तेव्हा अ‍ॅनाने आपला सगळा पूर्वेतिहास नव्याने रचला. जन्म वेल्समधील कार्नार्व्हनचा, साल १८३४, माहेरचे नाव क्रॉफर्ड, पती लष्करात मेजर. नवऱ्याचे मधले नाव आणि आडनाव जोडून झालेले लिओनोवेन्स हे भारदस्त आडनाव तर हाताशी होतेच. थोरल्या बहिणीशी असलेला संबंध तिने कायमचा तोडला. नगर, पुणे, भायखळा ही नावे तिच्या चरित्रातून पुसली गेली. उरली ती एका वेल्श मुलीने वडिलांच्या नोकरीनिमित्त पाहिलेली प्रेक्षणीय स्थळे म्हणून.

सयामच्या राजाला इंग्रजी शिक्षिका हवी आहे हा निरोप तिच्यापर्यंत आला तो सिंगापूरमधील सयामचा वाणिज्यदूत तान किम चिंग याच्याकडून. राजा मोंगकुट हा असाधारण माणूस होता. राज्यावर येण्यापूर्वी २७ वर्षे तो बौद्ध भिक्षू होता. त्या काळात तो अमेरिकन मिशनऱ्यांकडून इंग्रजी आणि फ्रेंच बिशपकडून लॅटिन शिकला. खगोलशास्त्राचा त्याचा व्यासंग तर गाढा होता. १८५१ मध्ये गादीवर आल्यावर त्याने राणीवशातल्या स्त्रियांना इंग्रजी शिकवण्यासाठी मिशनऱ्यांच्या बायकांना बोलावले होते. त्या बायका अक्षरांबरोबर येशूही शिकवू लागल्या, तेव्हा तीन वर्षांत ते वर्ग बंद पडले. म्हणून या वेळी राजाने अट आधीच स्पष्ट केली. इंग्रजी भाषा, शास्त्र आणि साहित्य शिकवायचे, धर्मांतराचा उद्योग करायचा नाही.

पगाराची घासाघीसही झाली. बाईंना महिना १५० डॉलर हवे होते आणि घर राजवाड्याबाहेर, मिशनऱ्यांच्या वस्तीजवळ हवे होते. राजाने १०० डॉलर देऊ केले आणि राजवाड्याशेजारी राहण्याची सोय. या वाटाघाटीतली राजाची पत्रे वाचताना त्याचा हिशेबीपणा जाणवतो, आणि परदेशी तज्ज्ञांना बोलावणाऱ्या कोणत्याही मालकाची सावधगिरीही. शेवटी १०० डॉलरवर तडजोड झाली. पूर्वेकडच्या बंदरांत त्या वेळी मेक्सिकन डॉलर चाले. सयाममध्ये तीन डॉलरला पाच बाट असा भाव राजानेच ठरवून दिला होता. म्हणजे महिना सुमारे १६६ बाट. बंदुकीच्या गोळीसारखी दिसणारी चांदीची जुनी नाणी अजून चालत होती आणि १८६० मध्ये सुरू झालेल्या टांकसाळीतली चपटी नाणीही बाजारात आली होती. नवख्या माणसाची तारांबळ उडायला एवढे पुरे होते.

अ‍ॅव्हिसला तिने इंग्लंडला शाळेत धाडले. लुईला बरोबर घेतले. शिवाय लुईची हिंदुस्थानी आया बीबी आणि अ‍ॅनाला फारसी शिकवणारा मुनशी, असा चौघांचा गोतावळा बँकॉकला निघाला. वेल्समध्ये जन्मल्याचे सांगणाऱ्या बाईने परक्या शहरात जाताना भरवशाची माणसे म्हणून कोणाला बरोबर घेतले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

बँकॉक तेव्हा पाण्यावर वसलेले शहर होते. चाओ फ्राया नदी, तिला मिळणारे असंख्य कालवे, दोन्ही तीरांवर बांबूच्या तराफ्यांवर तरंगणारी घरे आणि दुकाने. कोठेही जायचे तर होडी. परदेशी लोकांना याचा फार जाच होई. घोड्यावर बसून फेरफटका मारायला किंवा बग्गी न्यायला रस्ता नाही, त्यामुळे आमच्या प्रकृती बिघडतात, असा अर्ज वाणिज्यदूतांनी १८६१ मध्ये राजाकडे केला होता. अर्ज वाचून हसू येते, पण राजाने तो गांभीर्याने घेतला. नदीकाठच्या वकिलातींच्या वस्तीकडे जाणाऱ्या रस्त्याचे काम अ‍ॅना आली त्याच वर्षी सुरू झाले आणि १८६४ मध्ये तो पुरा झाला. तोच आजचा चारोएन क्रुंग, ज्याला परदेशी लोक पुढे कित्येक वर्षे नवा रस्ता म्हणत राहिले. इंग्रजांच्या प्रार्थनामंदिरासाठी राजाने नदीकाठी जागा दिली, तेही १८६४ मध्ये उघडले. प्रोटेस्टंट दफनभूमीची जागा तर त्याने १८५३ मध्येच देऊन ठेवली होती. पटकी आणि तापाच्या त्या मुलखात ती लगेच भरूही लागली. टपालखाते मात्र नव्हते. ते १८८३ मध्ये आले. तोवर पत्र पाठवायचे तर सिंगापूरची आगबोट कधी निघते याकडे डोळे लावून बसायचे.

कायद्याचे म्हणाल तर ब्रिटिश प्रजाजनाची बाजू भक्कम होती. हाँगकाँगचा गव्हर्नर सर जॉन बाउरिंग याने एप्रिल १८५५ मध्ये केलेल्या तहानुसार इंग्रजांना बँकॉकमध्ये कायम राहता येई, घर भाड्याने घेता येई, बांधता येई. पण शहराच्या तटापासून सुमारे चार मैलांच्या आत जमीन विकत घ्यायची तर दहा वर्षांचे वास्तव्य किंवा दरबारची खास परवानगी लागे. शहरापासून देशी होडीने २४ तासांत जाता येईल एवढ्याच टापूत वस्ती करायची, त्यापलीकडे जायचे तर परवाना घ्यायचा. राहायला आलेल्या प्रत्येकाने ब्रिटिश वकिलातीत नाव नोंदवायचे. गुन्हा घडलाच तर खटला सयामी न्यायाधीशापुढे नव्हे, तर वाणिज्यदूतापुढे चालायचा. हा शेवटचा अपमान सयामला विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापर्यंत सोसावा लागला. आज थायलंडमध्ये परदेशी माणसाला सदनिका घेता येते, पण आपल्या नावावर जमीन घेता येत नाही आणि मुक्काम लांबला तर दर ९० दिवसांनी पत्त्याची वर्दी द्यावी लागते. या नियमांबद्दल कुरकुर करणाऱ्यांनी तो जुना तह एकदा नजरेखालून घालावा.

या तहातली एक गोष्ट अ‍ॅनाच्या बाबतीत विशेष महत्त्वाची होती. ब्रिटिश प्रजाजन म्हणजे केवळ गोरा माणूस नव्हे. नदीपलीकडे ख्लोंगसान भागात दुकाने थाटलेले सुरतेकडचे मुसलमान कापड-व्यापारीही वकिलातीच्या त्याच छत्राखाली येत. म्हणजे अ‍ॅनाने आपला जन्म नगरचा आणि आजी इथलीच, असे उघड सांगितले असते तरी कायद्याने तिचे केसभरही नुकसान झाले नसते. नुकसान झाले असते ते जेवणाच्या टेबलावर. रविवारच्या प्रार्थनेनंतरच्या गप्पांत ती कोणाच्या शेजारी बसणार, तिला इंग्लिश गव्हर्नेस म्हणणार की नुसती मास्तरीण, महिन्याला १०० डॉलर देणार की त्याच्या निम्मे, हे सारे जन्मस्थानावर ठरत होते. तिची भीती अनाठायी नव्हती.

उतरल्या दिवशीच घराचा प्रश्न उभा राहिला. तिच्या हकिगतीप्रमाणे पहिल्या संध्याकाळी राहण्याची कसलीच व्यवस्था झालेली नव्हती आणि बंदरखात्यातल्या एका इंग्रज अधिकाऱ्याने मायलेकरांना रात्रीपुरता आसरा दिला. पुढे काही काळ त्यांचा मुक्काम कलाहोमच्या, म्हणजे दक्षिणेकडील प्रांतांचा आणि सैन्याचा कारभार पाहणाऱ्या बलाढ्य मंत्री सी सुरियावोंग याच्या वाड्यात होता. एकदाचे घर दाखवले गेले ते मासळीबाजारातले. घाण, अंधारे आणि दुर्गंधीने भरलेले. अ‍ॅना उंबऱ्यावरूनच मागे फिरली. राजा रागावला, दिवस गेले, निरोपांची देवघेव झाली. अखेर नदीजवळ राहण्याजोगे घर मिळाले, आणि मग बीबीच्या मदतीने झाडलोट, धुणेपुसणे करून तिने ते माणसांत आणले. आपल्या पुस्तकात ती अनेक ठिकाणी भडक लिहिते; पण केरसुणी आणि पाणी घेऊन परक्या शहरातली पहिली खोली स्वच्छ करण्याचा हा भाग वाचताना तिच्यावर अविश्वास दाखवावासा वाटत नाही.

दरबारचे रीतिरिवाज हे दुसरे प्रकरण. राजापुढे प्रजाजन जमिनीवर पालथे पडत, कोपरांवर सरपटत पुढे जात. राजापेक्षा कोणाचे डोके उंच असता कामा नये. पाय कोणाकडे रोखायचा नाही, मुलाच्याही डोक्याला हात लावायचा नाही. परदेशी लोकांना पालथे पडण्यातून सूट असली तरी किती वाकायचे, कधी बसायचे, कोठे उभे राहायचे, यावरून खटके उडतच. अ‍ॅना उभी राहून बोले. तिचा छोटा विद्यार्थी चुलालोंगकोर्न पुढे राजा झाला आणि १८७३ मध्ये त्याने लोटांगणाची ही प्रथा बंद केली. त्याचे श्रेय अ‍ॅनाला देणारे पुष्कळ आहेत. मला ते घाईचे वाटते. सिंगापूर, जावा आणि हिंदुस्थान स्वतः फिरून पाहिलेल्या तरुण राजाला डोळे होते, आणि त्याच्या बापाने सुधारणांची वाट आधीच मोकळी केली होती.

शाळा भरत असे ती राजवाड्याच्या आतल्या भागात. तेथे राजाखेरीज प्रौढ पुरुषाला मज्जाव. पहारेकरी बायका, दुकानदार बायका, न्याय करणाऱ्याही बायका, असे ते भिंतीआडचे एक गावच होते. मोंगकुटला एकूण ८२ अपत्ये झाली. त्यांतली शिकण्याच्या वयाची मुले आणि काही राण्या अ‍ॅनापुढे बसत. सकाळी इंग्रजी बाराखडी, नकाशे, पृथ्वी गोल असल्याचे धडे. दुपारी किंवा राजाला लहर येईल तेव्हा त्याच्या इंग्रजी पत्रव्यवहारात मदत. या दुसऱ्या कामाचा पगार वेगळा मिळत नव्हता आणि त्याची वेळही ठरलेली नव्हती. लुई आपल्या आईच्या वर्गात राजपुत्रांबरोबरच शिकला, त्यांच्याशी खेळला आणि आईपेक्षा किती तरी सहज त्यांची भाषा बोलू लागला.

भाषेच्या बाबतीत अ‍ॅनाला एक आधार होता, जो कार्नार्व्हनहून आलेल्या बाईला असता ना. सयामीत नगराला नखोन म्हणतात, भाषेला फासा, गुरूला ख्रू. पाली-संस्कृतातून गेलेले असे शब्द पावलोपावली भेटतात. दख्खनच्या छावणीत वाढलेल्या, मराठी आणि हिंदुस्थानी कानावरून गेलेल्या मुलीला ते अनोळखी वाटले नसावेत. तरी तिची सयामी कामचलाऊच राहिली. तिच्या पुस्तकांत नावांची आणि शब्दांची इतकी मोडतोड आहे की जाणकार थाई वाचकाला ती डोकेदुखी होते.

पाच वर्षांहून अधिक काळ तिने हे निभावले. प्रकृती ढासळत होती, पगारवाढीची मागणी पडून होती. राजाच्या कामात तिचे स्थान ती समजत होती तेवढे मोठे कधीच नव्हते. राजाच्या स्वतःच्या लिखाणात तिचा उल्लेख अगदी मोजका येतो. जुलै १८६७ मध्ये लुईला घेऊन ती रजेवर निघाली. लुईला आयर्लंडमध्ये शाळेत घातले आणि स्वतः ती अमेरिकेला गेली. अधिक चांगल्या अटींवर परत येण्याची बोलणी चालू असतानाच १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण आले. मोंगकुटने स्वतः गणित मांडून त्याची वेळ आणि जागा वर्तवली होती. दक्षिणेकडच्या वाको या दलदलीच्या किनाऱ्यावर तो देशी-परदेशी पाहुण्यांसह ग्रहण पाहायला गेला. गणित अचूक ठरले, पण राजा हिवताप घेऊन परतला आणि १ ऑक्टोबरला त्याचा अंत झाला. पंधरा वर्षांच्या चुलालोंगकोर्नने आपल्या शिक्षिकेला आभाराचे आपुलकीचे पत्र पाठवले. कामावर परत या, असे मात्र त्यात नव्हते.

आता लेखणी हेच उपजीविकेचे साधन उरले. न्यूयॉर्कजवळ स्टेटन आयलंडवर तिने मुलींची शाळा काढली, मासिकांत लेख लिहिले, आणि १८७० मध्ये बॉस्टनहून 'द इंग्लिश गव्हर्नेस अ‍ॅट द सायमीज कोर्ट' हे पुस्तक आले. पाठोपाठ राणीवशातल्या कथांचे दुसरे पुस्तक निघाले. गुलामगिरीविरुद्धचे युद्ध नुकतेच संपवून बसलेल्या अमेरिकेतल्या वाचकांना पौर्वात्य जनानखाना, साखळदंडातल्या दासी आणि लहरी राजा यांची वर्णने हवी होती. बाईंनी ती पुरवली. राजवाड्याखालच्या तळघरात बंदिवान कोंबून ठेवल्याचे तिने लिहिले. बँकॉकची जमीन पाणथळ. थोडे खणले की पाणी लागते. तेथे त्या काळात भुयारी तुरुंग टिकणे शक्य नव्हते. प्रेमापोटी पळालेल्या एका तरुणीला आणि भिक्षूला राजाने भरचौकात जाळल्याची तिची कथा तर इतर कोणत्याही साधनात आढळत नाही.

येथे तिचा खरा अपराध सुरू होतो, असे मला वाटते. स्वतःचा जन्म लपवणे हा पोटापाण्याचा आणि मुलांच्या भवितव्याचा प्रश्न होता. त्यात कोणाचे वाईट झाले नाही. पण ज्याचे मीठ खाल्ले त्या राजाची, स्वतःची बाजू मांडायला तो जिवंत नसताना, क्रूर म्हणून रंगवलेली प्रतिमा जगभर पसरली आणि ती आजतागायत पुसली गेलेली नाही. मार्गारेट लँडन यांनी १९४४ मध्ये त्या पुस्तकांवरून कादंबरी लिहिली. १९४६ मध्ये चित्रपट झाला, १९५१ मध्ये 'द किंग अँड आय' हे संगीतनाटक आले, १९५६ मध्ये त्याचाही चित्रपट निघाला. नाचणारा, गुरगुरणारा, बाईच्या धाकाने सुधारणारा राजा थाई लोकांना कसा रुचावा? तेथे या चित्रपटावर बंदी आली. १९९९ मध्ये त्याच कथेवरचा नवा चित्रपट निघाला तेव्हा थायलंडने चित्रीकरणाची परवानगी नाकारली. तो मलेशियात चित्रित झाला आणि थायलंडमध्ये त्याच्या प्रदर्शनावरही बंदी घातली गेली. ज्या राजाने बाउरिंगशी तह करून, इंग्रज आणि फ्रेंच या दोघांच्या मधोमध आपला देश वसाहत होण्यापासून वाचवला, त्याची ओळख जगाला एका गाण्याबजावण्याच्या खेळातून व्हावी, याचा राग समजण्यासारखा आहे.

अ‍ॅनाचे उत्तरायुष्य त्या मानाने स्थिर आणि कर्तृत्वाचे होते. अ‍ॅव्हिसने १८७८ मध्ये टॉमस फाइश या स्कॉटिश बँकरशी लग्न केले आणि अ‍ॅना लेकीबरोबर कॅनडात हॅलिफॅक्सला राहू लागली. एका अमेरिकन नियतकालिकासाठी १८८१ मध्ये तिने रशियाचा दौरा केला. १८८४ मध्ये 'लाइफ अँड ट्रॅव्हल इन इंडिया' हे पुस्तक लिहिले. त्यात मुंबई आहे, पुणे आहे, पारशी आणि ब्राह्मण आहेत. फक्त सार्जंट एडवर्ड्सची मुलगी नाही. हॅलिफॅक्समध्ये स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत ती पुढे होती आणि १८८७ मध्ये तेथे कलाशाळा स्थापन करणाऱ्यांत तिचा पुढाकार होता. ती शाळा पुढे नावाजलेले कला महाविद्यालय झाली आणि तिथल्या कलादालनाला अ‍ॅनाचे नाव दिले गेले.

१८९७ मध्ये चुलालोंगकोर्न युरोपच्या दौऱ्यावर लंडनला आला, तेव्हा गुरू-शिष्यांची पुन्हा भेट झाली. राजा आता ४३ वर्षांचा होता, बाई ६५ वर्षांच्या. त्याने तिचे आभार मानले आणि आपल्या वडिलांविषयी तिने असे का लिहिले, याबद्दल खेदही व्यक्त केला, असे तिच्या कुटुंबात सांगितले जाई. १९०१ नंतर ती माँट्रियलला राहिली. अ‍ॅव्हिस तिच्याआधी गेली. १९ जानेवारी १९१५ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी अ‍ॅनाने डोळे मिटले आणि माउंट रॉयलच्या दफनभूमीत तिला मूठमाती मिळाली. घरच्यांच्या लेखी ती वेल्समध्येच जन्मली होती.

गुपित फुटले ते पुढे साठ वर्षांनी आणि तेही तिच्या मुलामुळे. ब्रिस्टो नावाचे एक इंग्रज संशोधक लुईचे चरित्र लिहू पाहत होते. लंडनमध्ये त्याच्या जन्माची नोंद शोधताना ती सापडेना, म्हणून ते मागे मागे जात राहिले आणि मुंबई इलाख्यातल्या लष्करी नोंदींपाशी येऊन पोहोचले. १९७६ मध्ये त्यांचे पुस्तक आले. पुढच्या चरित्रकारांनी तपशील पक्के केले. त्यात एक गंमत निघाली. अ‍ॅनाने जिच्याशी संबंध तोडला त्या एलायझाच्या मुलीचा धाकटा मुलगा विल्यम प्रॅट हाही नाव बदलून जगला. पडद्यावरचे त्याचे नाव बोरिस कार्लोफ. १९३१ च्या चित्रपटात फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस झालेला हा नट नात्याने अ‍ॅनाच्या भाचीचा मुलगा.

आणि लुई? बँकॉकमधल्या परदेशी माणसाचे सगळे प्रश्न आईने सोसले, पण त्या शहरात खऱ्या अर्थाने बिऱ्हाड केले ते त्याने. १८८१ मध्ये, पंचवीस वर्षांचा असताना, तो सयामला परतला. बालमित्र राजा झाला होता; त्याने लुईला घोडदळात कप्तान केले. भाषा त्याला येत होती, माणसे ओळखीची होती. १८८४ मध्ये त्याने ब्रिटिश वाणिज्यदूत नॉक्स यांच्या मुलीशी, कॅरोलाइनशी, लग्न केले. तिची आई थाई होती आणि ते लपवण्याची गरज त्या घरात कोणाला वाटत नव्हती. त्याच वर्षी तो सागवानाच्या व्यापारात उतरला, उत्तरेकडच्या जंगलांत हत्ती आणि ओंडके यांच्यामध्ये वर्षानुवर्षे राहिला. लाम्पांग येथे त्याचे जुने लाकडी घर दाखवतात. १९०५ मध्ये त्याने बँकॉकमध्ये स्वतःची कंपनी काढली. १९१९ मध्ये इन्फ्लुएंझाच्या साथीत तो इंग्लंडमध्ये वारला, पण कंपनी शंभर वर्षांहून अधिक काळ त्याच्याच नावाने चालू राहिली. पुण्यात नाताळच्या दिवशी लग्न केलेल्या एका कारकुनाच्या दोन नावांचा सांधा जुळवून झालेले ते आडनाव बँकॉकच्या व्यापारी जगात रुळून गेले.